निवटीला मारायचं नाही

हिरामण घरतांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. नोकरीचा दुसरा दिवस होता. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं कंटेनर यार्ड आहे. बोटीवरून आलेले आणि बोटीवर जाणारे लोखंडी डबे तिथे उतरतात, तपासले जातात, एकावर एक रचले जातात. मी तिथे डॉक्युमेंटेशनला, म्हणजे दिवसभर टाइप करणारी. कसलासा कागद द्यायला यार्डात गेले, तर एका बंद डब्याच्या आतून हळदीचं गाणं ऐकू येत होतं. बाहेरून दांडे लावलेले, आसपास कुणी नाही. कुणीतरी आत अडकलंय, या समजुतीने मी एवढी ओरडले की चार माणसं धावत आली. दार उघडलं तर आत पन्नाशीचा, ठेंगणा, काळासावळा माणूस हातात खडू घेऊन उभा, आणि चेहऱ्यावर नुसता वैताग.

"कोन वराडला? आता पयल्यापासून डोले लावायला लागतील."

त्यांचं कामच ते होतं. सर्व्हेअर. माल भरण्याआधी डब्याला भोक आहे का, हे बघायचं. त्याची रीत अशी की रिकाम्या डब्यात शिरायचं, बाहेरच्या माणसाला दार लावून घ्यायला सांगायचं आणि काळोखात उभं राहायचं. कुठे सुईएवढं भोक असलं तरी तिथून उजेड आत येतो. पण डोळे काळोखाला सरावायला वेळ लागतो. बाकीचे सर्व्हेअर मोबाइलवर मिनिटं मोजत. हिरादादा एक अख्खं गाणं म्हणत. "गानं संपलं की डोले उघडतात," असं ते सांगत. उन्हाळ्यात त्या डब्यात भाजून निघायला होतं, पण शेवटचं कडवं गाळल्याचं मी कधी ऐकलं नाही. भोक दिसलं की त्याच्याभोवती खडूने पांढरा गोल. मग बाहेर येऊन बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत डब्याला एक प्रदक्षिणा. कुठे पोचा आलाय, कुठे आतून गंज धरलाय, हे त्यांना आवाजावरून कळे.

हे सगळं ते एका हिरव्या वहीत काढून आणत. काढून म्हणजे चित्र काढून. प्रत्येक डब्याचा चौकोन, त्यात पोच्यांच्या रेघा आणि भोकांचे गोल. ती वही माझ्या टेबलावर यायची आणि मी त्याचा रिपोर्ट करायची. "मी बघतो, तुमी लिवता. दोगांचा मिलून एक सर्व्हेअर," असं ते म्हणायचे. मला त्या वेळी ते गोड वाटायचं. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ते बेलपाड्याचे. आता बेलपाडा म्हटलं की लोक खारघर म्हणतात आणि खारघर म्हटलं की टॉवर. हिरादादांच्या घराच्या तिन्ही बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला इमारतीचं पार्किंग. नवं शहर वसवायला गावच्या जमिनी गेल्या तेव्हा नोकऱ्यांची आश्वासनं मिळाली होती. त्यांच्या वाट्याला आलं ते अकरा महिन्यांचं कंत्राट. अकरा महिने झाले की एक दिवस घरी, आणि परत अकरा महिने. असं अकरा वर्षं. त्या एका दिवसाला ते 'माजा वाढदिवस' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे आणत. आम्ही हसत पेढे खायचो. आम्ही सगळेच काय भारी हसरे लोक होतो.

गेम आणला केतन सरांनी. केतन सर म्हणजे आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. वय एकतीस, आणि लाल धुळीच्या यार्डात राहूनही बुटांना धूळ न लागू देण्याची कला अवगत. टीम बाँडिंग म्हणून त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर राक्षसांच्या झुंजीचा एक गेम टाकायला लावला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही नुसतं 'झुंज' म्हणायचो. प्रत्येकाने तीन प्राणी निवडायचे आणि एकेक करून मैदानात उतरवायचे. जेवणाच्या सुट्टीत जो तो मान खाली घालून झुंजत बसलेला. केतन सरांनी घेतली आगीची घार, गेममधली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात महागडी. क्रेनवाल्यांनी ड्रॅगन घेतले. सिक्युरिटीच्या शिंद्यांनी दोन डोक्यांचा नाग घेतला.

हिरादादा यादी खाली खाली सरकवत गेले. एकदम शेवटी, जिथे कुणी बघत नाही तिथे थांबले आणि मोठ्याने हसले.

"आयला, ही तं आमची निवटी!"

खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा, वर डोळे असलेला वीतभर मासा म्हणजे निवटी. गेमवाल्यांनी तिला काहीतरी भलतंच नाव दिलं होतं, पण ती निवटीच होती, त्यात वाद नव्हता. ताकद जवळजवळ शून्य, अंग नाजूक, चाल मंद. तिच्या माहितीत गेमवाल्यांनीच लिहिलं होतं की नवशिक्यांनीही हिला घेऊ नये. हिरादादांनी घेतली. लहानपणी गावामागच्या खाडीत हाताने निवट्या धरलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या हातचं निवट्यांचं कालवण डब्यात घेऊन आले आणि केतन सरांसमोर ठेवून म्हणाले, "घ्या सायेब, माजी टीम खावा." सरांनी डब्याकडे बघितलं आणि आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं. आदल्या शुक्रवारी त्यांनीच ऑफिसला चिकन बिर्याणी मागवली होती.

पुढचे दोन महिने हिरादादा हरले. रोज हरले. शिपायाकडून हरले, माझ्याकडून हरले, आणि माझ्याकडून हरणं ही किती खालची पायरी आहे हे माझं मला ठाऊक. "आज निवटी कुणी मारली?" हा जेवणाच्या टेबलावरचा ठरलेला विनोद झाला. ते चिडत नसत. हिरव्या वहीच्या मागच्या पानांवर चौकोन काढून कुठल्या प्राण्याने कितव्या खेळीला मारलं, हे लिहीत बसत. मी एकदा विचारलं, "दादा, दुसरा प्राणी घ्या ना, कशाला जीव काढताय?" तर म्हणाले, "डबा चेपला म्हनून कोन टाकून देतो? कुटं चेपतो ते बघायचं आदी."

आणि मग एका सोमवारी ते जिंकले. मंगळवारीही जिंकले. आठवडाभर त्यांना कुणी हरवू शकलं नाही.

ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनी दोन मिनिटं कळ काढावी, कारण पुढचं सगळं यावरच आहे. झुंजीत नेहमी चपळ प्राणी आधी मारतो आणि मंद प्राणी नंतर. म्हणून सगळे चपळ प्राण्यांच्या मागे. निवटीला फक्त एक गोष्ट येत होती: मैदानात आल्यावर एकदा, एकदाच, ती सगळीकडे चिखल पसरू शकत होती. चिखल चार खेळ्या टिकायचा, आणि चिखलात उलटं व्हायचं. जो मंद तो आधी आणि चपळ पाय रुतून मागे. हिरादादा पहिल्यांदा निवटी पाठवत. ती चिखल पसरे. समोरचा तिला एका फटक्यात मारे आणि खूश होई. निवटी मेली की त्या जागी हिरादादांचा दुसरा प्राणी येई: दगडी अंगाचा, गेममधला सगळ्यात मंद आणि सगळ्यात जड असा राक्षस. त्याला ते 'पोकलेन' म्हणत. चिखलात हा मंद पोकलेन सगळ्यांच्या आधी मारायचा, आणि त्याचा एक फटका कुणालाच झेपायचा नाही. तीन खेळ्यांत तीन प्राणी साफ.

म्हणजे निवटी जिंकायची नाही. निवटी वेळेवर मरायची. केतन सरांनी हे कळल्यावर टाळी वाजवली आणि म्हणाले, "ब्रिलियंट, हिरामण! सॅक्रिफाइस पीस!"

हिरादादांना ते आवडलं नाही. "पीस काय, सायेब," एवढंच म्हणाले. दर डावानंतर ते स्क्रीनवर मेलेल्या निवटीला बोटाने हळूच टिचकी मारायचे. खाडीत पोरं बिळातून निवटी बाहेर काढायला मारतात तशी.

हा डाव इतका उघड असूनही सगळे त्यात का फसतात, हे मला कळेना. त्यांनी ते मला एका दुपारी सांगितलं. नेहमीसारखे वही ठेवायला आले आणि डब्यांची पानं झाल्यावर मागचं एक पान उघडलं. त्यावर निवटीचं चित्र, आणि चित्रात एक गोल.

"हितं भोक हाय," ते म्हणाले. "समोरच्यानं निवटीला हातच नाय लावला तं? आपलं आपलं हत्यार घासत बसला, आपली ताकद वाढवत बसला, तं? ती मरत नाय म्हंजे पोकलेन येत नाय. मी तिला परत बोलवली तं माजी खेली फुकट. चिखल सुकतो. निवटी उबी ती उबीच. ना मारते, ना मरते."

"मग?"

"मंग काय, हरलो. पन कोन थांबनार, मॅडम? समोर दुबलं दिसलं की मारल्याबिगर मानूस ऱ्हात नाय. त्या भरोशावं तं चाललंय सगलं. दुबल्याला सोडायला लय थंड डोकं लागतं."

"अहो, पण मला कशाला सांगता? उद्या तुमच्याविरुद्ध मीच खेळले तर?"

ते माझ्याकडे नवलाने बघायला लागले. "भोक दिसलं की खडू मारायचा. आपलं असो, दुसऱ्याचं असो. लपवलं तं पुढच्याचा माल भिजतो."

अशी ही त्यांची सवय. अकरा वर्षं ज्याने दिसलेलं प्रत्येक भोक लिहून दिलं, त्याला स्वतःचं भोक लपवायचं सुचलंच नाही. आणि रिपोर्ट द्यायचा तो माझ्याकडे, हेही ओघाने आलंच.

त्याच सुमारास दोन बातम्या आल्या. एक, गेटवर मशीन बसणार. डबा कमानीखालून जाईल, कॅमेरे सगळ्या बाजूंनी फोटो काढतील आणि हिरवा किंवा लाल दिवा लागेल. सर्व्हेअर चारांऐवजी एक पुरे, आणि तो कायमस्वरूपी, मशीनच्या केबिनमध्ये बसणारा. दुसरी बातमी, आसपासच्या यार्डांतल्या लोकांची झुंजीची स्पर्धा पनवेलच्या एका हॉलमध्ये होणार आणि बक्षीस द्यायला आमच्या कंपनीचे वरचे साहेब येणार. साहेबांना या गेमचं वेड आहे, विजेत्याला ते शेजारी बसवून जेवतात, अशी ख्याती.

हिरादादांनी दोन आणि दोन चार केले. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, नेहमीपेक्षा जरा ताठ.

"मॅडम, येक अर्ज लिवून द्या. मला कायम करा म्हनून. सायेबांच्या हातात मी सोता देनार. जिकलो तं ते दोन मिन्टं तरी ऐकतील."

मी अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. मशीनला भोक बाहेरून दिसणार नाही, आत काळोखात माणूसच उभा राहावा लागतो, हे त्यांचं वाक्य मी त्यात जसंच्या तसं घातलं. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढचं सांगायला वाटते.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी केतन सर चहाच्या मशीनपाशी भेटले. तेही खेळणार होते. हिरादादांकडून ऑफिसात सात वेळा हरल्याचं त्यांना भारी लागलं होतं. मी काहीतरी बोलायला गेले, तर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही टायपिंग बघा ना. गेममधलं तुम्हाला काय कळणार?"

एवढंच. एवढ्यावर मी पेटले. मला त्या क्षणी हिरादादांना फसवायचं नव्हतं, केतन सरांना मदतही करायची नव्हती. मला फक्त त्या गुळगुळीत माणसाला दाखवायचं होतं की मलाही कळतं. म्हणून मी कप हातात घेऊन ऐटीत म्हणाले, "सर, निवटीला मारायचंच नाही. ती उभी राहू द्यायची. आपण आपली धार लावत बसायचं. चिखल आपोआप सुकतो."

केतन सरांचा कप तोंडापाशीच थांबला. मग ते म्हणाले, "वॉव." आणि मला तेव्हा, देवाशपथ सांगते, बरं वाटलं.

रविवार उजाडला. हॉल लग्नाचा होता, आदल्या दिवशीच्या झेंडूच्या माळा काढायच्या राहिल्या होत्या. हिरादादा पांढरा शर्ट घालून आले, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून जपून बसत होते. वहिनी हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. दादांच्या खिशात अर्ज, घडी घालून. सकाळच्या फेऱ्यांत त्यांनी एकेकाला लोळवलं. उरणच्या यार्डाचा एक पठ्ठ्या तर हरल्यावर त्यांच्या पाया पडला. मोठ्या पडद्यावर निवटी आली की पोरं "निवटी! निवटी!" असं ओरडायला लागली होती. वरचे साहेब खुर्चीतून पुढे सरकून बघत होते. मी मनातल्या मनात साहेबांशेजारी हिरादादांचं जेवणाचं ताट वाढूनसुद्धा ठेवलं होतं.

फायनलला समोर केतन सर.

निवटी आली, चिखल पसरला. केतन सरांच्या घारीने तिला मारलं नाही. पंख घासले, ताकद वाढवली. ओरडणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दुसरी खेळी. निवटीने जाऊन घारीला एक चिमटा काढला, जे काय तिला येत होतं ते. घारीला त्याचं काहीच नाही. घारीने परत पंख घासले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिसरी खेळी, पुन्हा चिमटा, पुन्हा पंख. आता सगळा हॉल हसत होता, कारण त्या मोठ्या पडद्यावर ती वीतभर निवटी त्या घारीला टुणटुणत चिमटे काढताना खरंच विनोदी दिसत होती. साहेबही हसले.

हिरादादांनी मान वर केली. केतन सरांकडे बघितलं नाही, पडद्याकडेही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पत्रा वाजवल्यावर कान लावून ऐकताना ते जसे थांबत, तसे. मग खाली बघून उरलेला डाव खेळले. चौथ्या खेळीनंतर चिखल सुकला आणि घारीने तीन फटक्यांत तिघांना संपवलं.

बक्षीस समारंभात मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "दादा, अर्ज तरी द्या. साहेब इथेच आहेत."

"हरलेल्याचा कागद कोन वाचतो, मॅडम?" ते म्हणाले, आणि वहिनींना घेऊन रिक्षा बघायला गेले. केतन सर साहेबांच्या शेजारी जेवायला बसले होते.

मशीन बसलं. केबिनमध्ये बसायला कुणी बाहेरून आलं. बाकीच्या तीन सर्व्हेअरांना काढलं. ते लांबचे होते, गेले बिचारे. हिरादादांना काढलं नाही. मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, आपण उगाच मनाला लावून घेतलं. त्यांना दोन नंबरच्या गेटपाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली. एक हात मोडलेली, पांढरी. काम सांगितलं नाही. "बसा, सांगतो," एवढंच.

ते बसले. पहिल्या आठवड्यात वही आणि खडू मांडीवर घेऊन बसत. दुसऱ्या महिन्यात वही पिशवीत गेली. डबे समोरून जात, कमानीखाली फोटो निघत, हिरवा दिवा लागे. एकदा ते उठून एका डब्याचा पत्रा वाजवायला गेले, तर केबिनमधून भोंग्यावर आवाज आला, "घरत, लाइनच्या बाहेर थांबा." सगळ्या यार्डाला ऐकू गेलं. हजेरी लागत होती, कुणी वाईट बोलत नव्हतं. क्रेनवाले आधी चहाला हाक मारत, मग मारेनासे झाले. ज्याला काम नाही त्याच्याजवळ उभं राहायला लोक बिचकतात, आपल्यालाही लागण होईल की काय म्हणून. मीही दोन नंबरच्या गेटने जायचं सोडलं. एक नंबरने लांब पडतं, तरी.

एकदा धीर करून केतन सरांना विचारलं, "सर, घरतांना काही काम द्या ना. सहा महिने माणूस नुसता बसलाय."

सर लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाले, "मॅडम, काढलं तर काय होईल? उद्या बेलपाड्याचा मोर्चा गेटवर. भूमिपुत्र, अन्याय, घोषणा, पेपरात फोटो. कशाला? आपण हात लावायचाच नाही. बसू दे. कंटाळून स्वतःच जातील." मग त्यांनी वर बघितलं आणि अगदी मोकळेपणाने हसले. "यू टॉट मी दॅट. निवटीला मारायचं नाही!"

मी काय केलं? मी जागेवर येऊन टायपिंग केलं. माणसाला आपल्या नीचपणाची खूण पटते तेव्हा वीज वगैरे काही कडाडत नाही. समोरचे फॉर्म भरायचे राहिलेले असतात, ते भरायचे.

सातव्या महिन्यात हिरादादांनी राजीनामा दिला. चार ओळींचा. तो टाइप करायला त्यांनी मला सांगितलं नाही, बाहेरून करून आणला. शेवटच्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"बाय, येक काम हाय. या जरा."

आजवर ते मला मॅडमच म्हणत आले होते. त्यांच्या गावात लेकीबाळींना बाय म्हणतात. मी निमूट मागोमाग गेले. माल भरायला थांबलेला एक डबा रिकामा उभा होता, मशीनने नुकताच पास केलेला. ते आत शिरले. मला वाटलं मी बाहेरून दार लावायचं आहे, पण त्यांनी मला आत यायची खूण केली आणि बाहेरच्या हमालाला दार लावायला सांगितलं.

मी कधीच डब्याच्या आत गेले नव्हते. दार लागलं आणि स्वतःचा हातसुद्धा दिसेना. लोखंड तापलेलं, आत कुजकट लाकडाचा वास. हिरादादा गाणं म्हणायला लागले. तेच हळदीचं, हळू आवाजात. मला राहवेना. गाण्याच्या मध्येच मी म्हणाले, "दादा, केतन सरांना मीच सांगितलं होतं. स्पर्धेच्या आधी. निवटीचं."

ते थांबले नाहीत. कडवं पुरं केलं. पुढचंही पुरं केलं. गाणं संपल्यावर काळोखातून म्हणाले, "म्हाईत हाय. मी फकस्त तुमालाच बोल्लो होतो."

"मग मला कधी बोलला का नाहीत? शिव्या तरी द्यायच्या."

"शिव्या देऊन काय भोक बुजतं? तुमाला सांगितलं म्हंजे रिपोर्टच झाला. रिपोर्ट पुढं जानार, तेच्यात काय नवल." मग म्हणाले, "नवल येवडंच वाटलं, का त्याला थांबता आलं. मला वाटायचं कोनाला येनार नाय."

मी रडत होते की घामच होता, ते त्या उकाड्यात मलाही सांगता येणार नाही.

"आता वर बगा. उजवीकडं, कोपऱ्यात."

मी बघितलं. आता डोळे सरावले होते. कोपऱ्यात, छताच्या खाली, उजेडाचा एक टिपका होता. मोहरीएवढा. मशीनने बाहेरून त्याचे चार फोटो काढले असणार. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, टाचा उंचावल्या आणि त्याच्याभोवती खडूने गोल काढला. मग हमालाला हाक मारली, दार उघडलं, बाहेरून त्याच जागी शिडीवर चढून दुसरा गोल काढला, आणि खडूचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला.

"लिवा," म्हणाले. "चालतो मी."

मी टेबलावर आले. त्या डब्याचा रिपोर्ट स्क्रीनवर आलेलाच होता. हल्ली मशीनच भरून पाठवतं, मी फक्त बघून पुढे पाठवायचं. 'सुस्थितीत', असं त्यात लिहिलेलं. ते खोडायला कारण द्यावं लागतं, आणि कारणावर मॅनेजरची सही. केतन सर तीन टेबलं पलीकडे फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काही आहे का, अशा अर्थाने.

मी मान हलवून नाही म्हटलं, आणि रिपोर्ट पुढे पाठवला.

खिडकीतून दोन नंबरचं गेट दिसतं. तासाभराने माल भरून तो डबा ट्रेलरवर निघाला. कोपऱ्यात पांढरा गोल इथूनही दिसत होता. हिरादादा सगळ्यांचा निरोप घेऊन नुकते गेटपाशी पोचले होते, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. ट्रेलर बाजूने जायला लागला तसे ते थांबले. त्यांनी वर गोलाकडे बघितलं, ट्रेलरवर लटकवलेल्या, मी पाठवलेल्या रिपोर्टच्या छापील कागदाकडे बघितलं. तो वाचण्याएवढे जवळ होते ते. मग दोन बोटांच्या पेरांनी पत्रा एकदा वाजवला, कान देऊन ऐकला, आणि डब्याला पुढे जाऊ दिलं.

हिरवा दिवा लागला. खडू अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.